अर्जवाल्या वहिनींचं मागणीपत्र

गल्लीत त्यांना सगळे अर्जवाल्या वहिनी म्हणत. कुणाचं विजेचं बिल भलतंच आलं, कुणाच्या मुलाचं दाखल्यावर आडनाव चुकलं, कुणाला घरमालकानं दमात घेतलं, की तो माणूस कोरे कागद घेऊन वहिनींच्या दारात हजर. वहिनी पदवीधर होत्या. लग्नाआधी एका विमा कचेरीत पत्रव्यवहाराच्या टेबलावर बसलेल्या. नोकरी सुटली तरी हात सुटला नव्हता. "उपरोक्त विषयास अनुसरून" एवढं लिहून झालं की त्यांचा कणा आपोआप ताठ व्हायचा.

एरवी बाई भित्री. लेक दुसऱ्या गावी वसतिगृहात राहून शिकत होती. तिनं एक फोन उचलला नाही की वहिनी पुन्हा पुन्हा नंबर फिरवत बसायच्या. नवऱ्याला बाहेरून यायला उशीर झाला की त्या गॅलरीतून वाकून रस्त्याच्या टोकापर्यंत बघायच्या, आणि गाडीचा करकचून ब्रेक ऐकू आला तर खाली जाऊन खात्री करून यायच्या. त्यांना झोप लागत नाही, चक्कर येते, छातीत धडधडतं, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. त्यामुळे घरात काही बिनसलं, तर ते वहिनींना शेवटी सांगायचं, अशी पद्धतच पडून गेली होती. कागदावर मात्र त्या कुणाच्या बापाला घाबरत नसत.

नवरा दातांच्या कवळ्या बनवायचा, म्हणून गल्लीत तो कवळीवाले. पुढच्या खोलीत लाकडी फळ्यांचा आडोसा करून त्यांनी आपलं कामाचं टेबल मांडलं होतं. टेबलावर प्लास्टरचे जबडे, मेणाच्या पट्ट्या, स्पिरिटचा दिवा, घासायची छोटी मोटर. दात घासताना उडणारी पांढरी भुकटी घरभर बसायची, आणि वहिनींचं अर्धं आयुष्य ती पुसण्यात गेलं होतं. दवाखान्यातून डबी यायची. डबीत पेशंटच्या जबड्याचा प्लास्टरचा ठसा आणि वर चिकटवलेली चिठ्ठी. कवळीवाले त्या ठशावर मेण चढवायचे, दात बसवायचे, तयार कवळी त्याच डबीतून परत न्यायचे. दाताच्या रंगासाठी नंबर लावलेली पट्टी असते. कवळीवाले तिच्याकडे ढुंकूनही बघत नसत. पेशंटला खिडकीपाशी उभं करायचे, "हसा बघू" म्हणायचे, आणि घरी येऊन असा दात लावायचे, की शेजारचे खरे दात गोंधळून जावेत. ही तारीफ डॉक्टरांची. डॉक्टर म्हणजे चौकातला मोठा दवाखाना. त्यांचं आणि कवळीवाल्यांचं जुनं मैत्र. दोघांनी धंदा एकाच सुमारास सुरू केलेला.

एके काळी चार-पाच दवाखान्यांचं काम घरी यायचं. मग एकेक कमी झालं. "आता मोठ्या लॅब आल्यात, मशिनवर दात करतात," कवळीवाले म्हणायचे. शेवटी डॉक्टरांचं तेवढं राहिलं. ते मात्र रोजचं. आणि त्या कामाचे पैसे काही येईनात.

"आज मागितलेत का?" वहिनी विचारायच्या.

"देतील गं. दवाखाना नव्यानं केलाय त्यांनी. अडकलेत."

"अडकलेत! नवी खुर्ची आणलीये, भिंतीला काच लावलीये. आपल्या पैशांवर का?"

"डॉक्टर माणूस चांगला आहे."

"चांगल्या माणसाची चांगली गत आहे हो. आपलीच वाईट."

कवळीवाले दाराकडे नजर वळवायचे. अलीकडे ही एक खोडच लागली होती त्यांना. बोलायला लागलं की तोंड दुसरीकडे. वहिनींना वाटायचं, मागायची लाज वाटते आणि मला तोंड दाखवायचीही लाज वाटते. भिडस्त माणूस! असल्या माणसाच्या डोक्यावर कुणीही मिरे वाटावेत. वहिनी घरी घेत त्या शिकवण्यांच्या पैशांत घर कसंबसं चालत होतं, पण लेकीच्या शेवटच्या वर्षाची फी भरायची मुदत अंगावर आली, आणि वहिनींचा जीव टांगणीला लागला.

"मी एक पत्र लिहिते डॉक्टरांना," त्या एकदा म्हणाल्या. "रीतसर."

कवळीवाले पहिल्यांदाच ओरडले. "पत्रबित्र काही लिहायचं नाही! सांगून ठेवतो!"

एवढा शांत माणूस ओरडतो म्हणजे डॉक्टरांनी त्याला किती दबवला असेल, असा वहिनींनी त्याचा अर्थ लावला. दुसऱ्या दिवशी कवळीवाले डबी घेऊन बाहेर पडले आणि वहिनींनी शिकवणीच्या मुलांना पाढे लिहायला बसवून स्वयंपाकघरातल्या टेबलावर कागद ओढला.

पत्र झकास उतरलं. "विषय : केलेल्या कामाची थकीत रक्कम मिळणेबाबत." घरातून किती डब्या गेल्या हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं, दर ठाऊक होता, हिशेब मांडायला कितीसा वेळ लागतो? पण नुसता हिशेब म्हणजे पत्र नव्हे. वहिनींनी लिहिलं : "हातावर पोट असलेल्या कारागिराकडून काम करवून घेऊन त्याचा मोबदला दडपणे, हे आपल्यासारख्या प्रतिष्ठित व्यक्तीस शोभणारे नाही." मग अंगात आल्यासारखं पुढचं वाक्य आलं : "मुदतीत रक्कम न मिळाल्यास नाइलाजाने पुढील कार्यवाही करावी लागेल व तिच्या परिणामांस सर्वस्वी आपण जबाबदार राहाल." खाली नवऱ्याचं नाव, त्यापुढे "तर्फे" लिहून आपली सही. आणि सर्वांत खाली, विमा कचेरीत शिकलेली ती शेवटची ओळ, जिच्यामुळे भल्याभल्यांच्या तोंडचं पाणी पळतं : "प्रत माहितीसाठी : अध्यक्ष, दंतवैद्य संघटना." नुसतं लिहून थांबल्या नाहीत. प्रत खरोखरच पाठवली.

टपालाची पावती पर्समध्ये ठेवताना त्यांना फार दिवसांनी मोकळा श्वास घेतल्यासारखं वाटलं.

त्या आठवड्यात डब्या यायच्या थांबल्या. "डॉक्टर गावाला गेले असतील," कवळीवाले म्हणाले आणि रिकाम्या टेबलावर जुनंच मेण वितळवत बसले. थांबू दे काम, असलं फुकटचं काम काय चाटायचंय, असं वहिनींच्या मनात होतं. मग एक दिवस दवाखान्यातली काउंटरवाली बाई दारात आली, एक पाकीट हातात टेकवलं, पोचपावतीवर सही घेतली आणि पाणीसुद्धा न पिता निघून गेली. पाकिटात चेक होता. वहिनींनी मागितली होती तेवढी रक्कम, एक छदाम कमी नाही. सोबत चिठ्ठी नाही, काही नाही.

वहिनी चेक घेऊन आरशासमोर उभ्या राहिल्या आणि स्वतःशीच हसल्या. बघ म्हणावं, असं मागायचं असतं! चेक वटला, फी भरली, लेकीचा फोन आला, "आई, झालं गं काम!" आणि मगच त्यांनी नवऱ्यापुढे विषय काढला. चहाचा कप टेबलावर ठेवला, पदराला हात पुसले आणि म्हणाल्या, "रागावणार नसाल तर एक सांगते. डॉक्टरांनी पैसे दिले."

कवळीवाल्यांच्या हातात मेणाची सुरी होती. "कसले पैसे?"

"कसले म्हणजे? तुमचे. सगळेच्या सगळे."

"दिले? त्यांनी?"

"देतील नाहीतर काय करतील? पत्र लिहिलं मी. आणि संघटनेला प्रत. मग कसा सरळ झाला माणूस!"

कवळीवाल्यांनी दिवा विझवायला हात पुढे केला. झाकण ज्योतीच्या बाजूला पडलं. दुसऱ्या वेळेलाही बाजूलाच पडलं. तिसऱ्यांदा त्यांनी चाचपडून ते बसवलं. वहिनी बघत राहिल्या.

"अगं," ते म्हणाले, "त्यांच्याकडे माझे काहीच नव्हते."

"काय नव्हतं?"

"येणं. काही म्हणजे काही नव्हतं. तो माणूस मला एक पैसाही देणं लागत नव्हता."

"आणि ह्या रोजच्या कवळ्या? त्या काय वाऱ्यावर जात होत्या?"

"त्यांच्या कपाटात. कुणाच्या तोंडात जात नाहीत त्या. जुन्या पेशंटचे ठसे पाठवतात ते मला. मीच सांगितलं होतं." ते थांबले. "मला दिसत नाही गं. मधलं दिसत नाही. कडेकडेचं दिसतं. डोळ्याच्या मागच्या पडद्याचं दुखणं आहे, त्याला चष्मा नाही की ऑपरेशन नाही. दाखवून झालंय. डॉक्टरच घेऊन गेले होते."

वहिनींना खुर्ची सापडेना. त्या पेटीवर बसल्या.

मग कवळीवाल्यांनी एकेक सांगितलं. आधी रंग गेले. एका तरुण शिक्षिकेला पुढचा दात बसवून दिला होता. रोजच्यासारखा, पट्टी न बघता, आपल्या डोळ्यावर भिस्त ठेवून. दात शर्टाच्या बटणासारखा पांढराफट निघाला. वर्गात मुलं हसली. ती बाई दवाखान्यात येऊन तोंडावर रुमाल धरून रडली. डॉक्टरांनी पदरचे पैसे घालून तो दात दुसरीकडून करवून घेतला आणि कवळीवाल्यांना शब्दानंही बोलले नाहीत. उलट पुढचं काम दिलं. तेही फसलं. त्याच्या पुढचंही. बाकीच्या दवाखान्यांत बोभाटा व्हायच्या आत कवळीवाल्यांनी स्वतःच त्यांचं काम सोडलं, आणि मोठ्या लॅबचं निमित्त घरी सांगितलं.

"आणि मला?" वहिनी म्हणाल्या. "मला का नाही सांगितलंत?"

"तुला?" कवळीवाले हसल्यासारखं करून म्हणाले. "तुला सांगून काय झालं असतं? पोरीला वसतिगृहातून परत बोलावलं असतंस. माझा हात धरून मला संडासापर्यंत पोचवलं असतंस. मी म्हटलं, पोरीचं शिक्षण पुरं होऊ दे, तोवर माझ्या हातात रोज एक डबी दिसू दे. डॉक्टरांना म्हटलं, रिकामी पाठवली तरी चालेल. ते म्हणाले, रिकामी कशाला, जबडा पाठवतो. आणि तू पैशांचं विचारायला लागलीस, तर दुसरं काय सांगणार? अडकलेत म्हटलं."

"तुम्ही बोलताना माझ्याकडे बघत का नव्हता..."

"सरळ बघितलं की तू दिसत नाहीस. दाराकडे बघितलं की थोडी दिसतेस."

वहिनींनी आयुष्यात कुणाला लाजवायला म्हणून कधी काही लिहिलं नव्हतं. जे लिहिलं ते न्यायाचं आहे, अशी त्यांची समजूत होती. "मोबदला दडपणे", "प्रतिष्ठित व्यक्तीस" हे आपलेच शब्द आता त्यांच्या कानात असे वाजायला लागले, की त्यांनी नकळत पदर कानावरून ओढून घेतला. आणि पैसे? पैसे तर लेकीच्या कॉलेजात जमा झाले होते. परत करायचे म्हटले तरी कुठून करणार?

दुसऱ्या दिवशी त्या दवाखान्यात गेल्या. नव्या काचेत आपलाच चेहरा दिसला, तो त्यांनी चुकवला. काउंटरवाली बाई आत-बाहेर करणाऱ्या पेशंटना नंबर देत होती. वहिनींना बघून तिनं पेन खाली ठेवलं.

"या. आता काय राहिलं? व्याज?"

बाकावर बसलेल्या सुजल्या गालांच्या माणसानं मान वर केली.

"डॉक्टरांना भेटायचं होतं," वहिनी पुटपुटल्या.

"भेटा की. अध्यक्षांनी बोलावून घेतलं होतं त्यांना, माहितीये ना? चार लोकांत विचारलं, कारागिराचे पैसे बुडवता का म्हणून. ह्या वर्षी संघटनेचे खजिनदार होणार होते आमचे डॉक्टर. नाव मागे घेतलं. पैसे दडपणारा खजिनदार कसा चालेल?" 'दडपणारा' हा शब्द तिनं वहिनींकडे बघत, अगदी चवीनं उच्चारला. "छान लिहिता हो तुम्ही. मला तर दोनदा वाचावंसं वाटलं."

वहिनी बाकाच्या कडेला बसून राहिल्या. उठून पळून जावं असं पाय म्हणत होते. सुजल्या गालाचा माणूस सरकला आणि त्यानं त्यांना नीट बसायला जागा दिली, तेही त्यांना सहन होईना.

आत डॉक्टर हात धूत होते. "या वहिनी," ते नेहमीसारखंच म्हणाले, आणि तिथंच वहिनींचा बांध फुटायला आला.

"तुम्ही अध्यक्षांना खरं का नाही सांगितलंत?"

"काय सांगू? कवळीवाल्यांना दिसत नाही, असं? त्या खोलीत निम्मे जण त्यांच्या हातचं काम घेतलेले. दुसऱ्या दिवशी गावभर झालं असतं." डॉक्टरांनी हात पुसले. "मला वाटलं, घरात खरंच अडचण असेल. त्यांना मागवत नसेल, म्हणून तुम्ही लिहिलंत. पैशांचं काही नाही. फक्त..." ते अडखळले. "जरा जास्तच चांगलं लिहिलंत हो वहिनी. बायकोनं वाचलं. ती म्हणाली, खरंच बुडवलेत का तुम्ही?"

वहिनींना वाटलं, ह्यांनी शिव्या द्याव्यात. "मी पैसे फेडीन. दर महिन्याला थोडे थोडे," त्या म्हणाल्या.

"द्या सावकाश."

"आणि अध्यक्षांना लिहून देते, की चूक माझी होती."

"नका," डॉक्टर एकदम म्हणाले. "कशी चूक, हे लिहावं लागेल. त्यांचं नाव निघेल. मिटलंय ते. मिटू दे."

मिटलं कसलं? घरी येईपर्यंत वहिनींना कळून चुकलं होतं, की डॉक्टरांचं नाव धुवायचं तर नवऱ्याचं झाकलेलं उघडं करावं लागणार, आणि नवऱ्याचं झाकायचं तर एका भल्या माणसाच्या कपाळावरचा डाग तसाच ठेवून त्याच्याच पैशांवर लेकीला शिकवावं लागणार. त्यांनी संध्याकाळी काही न लपवता सगळं नवऱ्याला सांगितलं. काउंटरवाली काय बोलली तेसुद्धा.

कवळीवाले ऐकत होते, तोंड दाराकडे करून. म्हणजे बायकोकडे बघत.

"खजिनदार व्हायचं होतं त्याला," ते शेवटी म्हणाले. "मला बोलला होता. हौस होती."

"मी तुमचं नाव न घेता लिहू शकते. 'काही गैरसमजामुळे' असं..."

"गैरसमज कसला? कुणाला पटेल? तुझ्या त्या पत्रानंतर? लोक म्हणतील, पैसे मिळाले म्हणून बाई गोड बोलतेय." त्यांनी टेबलावर हात फिरवला, हाताला लागलेला एक प्लास्टरचा जबडा उचलला, खाली ठेवला. "लिही. जे आहे ते लिही. डोळ्यांचं लिही, डब्यांचं लिही. मी थाप मारली होती, तेही लिही."

"अहो, पण लोक..."

"लोक काय? काम तर गेलंच आहे. एवढे दिवस मी त्या डबीशी खेळत होतो पोरासारखा."

पत्र लिहायला वहिनींना इतका वेळ कधी लागला नव्हता. "उपरोक्त" लिहिलं आणि खोडलं. कणा काही ताठ होईना. शेवटी एक लहानसं, उघडंवाघडं पत्र झालं. त्यात कसलाच दम नव्हता.

"टपालात टाकते," त्या म्हणाल्या.

"टपालात नाही. हातानं देऊ. मीही येतो."

अध्यक्षांचा दवाखाना दोन रस्ते पलीकडे होता. कवळीवाले ओळखीच्या रस्त्यानं एकटे बिनधास्त चालायचे, हा रस्ता ओळखीचा नव्हता. रस्ता ओलांडताना वहिनींनी हात पुढे केला आणि मागे घेतला. मग कवळीवाल्यांनीच तो धरला.

अध्यक्ष तोंडावरचा मास्क गळ्याशी ओढून बाहेर आले. बाहेरच्या खोलीत पेशंट बसले होते, आणि शिवाय दोन डॉक्टर कसलेसे कागद घेऊन आले होते. एकानं "अरे, कवळीवाले!" म्हणून हाक दिली. कवळीवाले आवाजाच्या रोखानं वळून हसले.

अध्यक्षांनी पत्र उघडलं. वाचता वाचता त्यांचा चेहरा बदलला. त्यांनी घाईनं कागदाची घडी घातली आणि आवाज खाली आणला. "ठीक आहे. समजलं मला. मी बघतो. तुम्ही काळजी करू नका."

वहिनींना सुटल्यासारखं झालं. त्या वळल्यासुद्धा. पण कवळीवाले हलले नाहीत.

"जरा मोठ्यानं वाचता का?" ते म्हणाले.

"इथं?" अध्यक्षांनी आजूबाजूला बघितलं. "अहो, कशाला..."

"डॉक्टरांना चार लोकांत विचारलं होतंत ना? मग हेही चार लोकांत होऊ दे. आणि मला वाचता येत नाही. हिनं काय लिहिलंय ते मीही ऐकतो."

अध्यक्षांनी घडी उलगडली, घसा साफ केला आणि वाचायला लागले. "मागील पत्रात मी केलेला आरोप सर्वथा खोटा आहे. डॉक्टरांकडे आमचे कोणतेही येणे नव्हते..." एकेक वाक्य त्या खोलीत पडत होतं. "माझ्या पतीची दृष्टी गेल्यामुळे" ह्या शब्दांवर मघाशी हाक मारणाऱ्या डॉक्टरनं हातातले कागद खाली घेतले. वहिनींना वर बघवेना. त्यांनी नजर फरशीवर लावली. तिथं कुणाच्या तरी बुटाचा चिखल वाळला होता. त्या तेवढ्याच डागाकडे बघत राहिल्या, आणि आपण हे लहान पत्रसुद्धा किती लांबवलं, असं त्यांना वाटलं.

"पुढं?" कवळीवाल्यांनी विचारलं, कारण अध्यक्ष मध्येच थांबले होते.

"पुढं फक्त सही आहे," अध्यक्ष म्हणाले. "वहिनींची."

"नाव वाचा," कवळीवाले म्हणाले. "आणि खाली जागा असेल तर माझीही सही घ्या. बोट ठेवून दाखवा कुठं करायची ते."